बाईंच्या बाजूचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. शिकणारा घाबरून भलतंच काहीतरी दाबतो, समोरून ट्रक येत असतो, आणि तरी गाडी अगदी शहाण्यासारखी जागच्या जागी थांबते. मग त्या पठ्ठ्याला वाटतं, वा, जमायला लागलं की आपल्याला! शेजारच्या पायाकडे बघायला त्याला फुरसत कुठे असते?

वहिनींचा पाय असा वर्षानुवर्षं शेजारच्या ब्रेकवर अधांतरी राहिलेला होता. स्कूल सासऱ्यांनी काढलेलं. पुढे नवऱ्याने चालवलं, पण दिवसभर त्या सीटवर बसून त्याची पाठ धरली, आणि डॉक्टरांनी बसूच नका म्हटल्यावर वहिनी बसल्या. नवरा तेव्हापासून ऑफिस सांभाळतो. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर काच, आणि काचेवर खेळण्यातल्या चार मोटारी, चौकात आधी कोणी जायचं हे समजावून सांगण्यासाठी. त्यातल्या एका मोटारीचं चाक कधीच निघालंय, पण तिला नेहमी थांबायचीच भूमिका असते, त्यामुळे अडत नाही.

गावातले निम्मे लोक वहिनींकडे शिकलेले. त्यांच्या तोंडी एकच, ‘बाई’. बाईंसारखा संयम बघितला नाही, बाई कधी आवाज चढवत नाहीत, माझ्यासारख्या ठोंब्यालाही बाईंनी शिकवलं. रस्त्यात दिसल्या की हॉर्न वाजवून नमस्कार करायचे. हॉर्न विनाकारण वाजवू नका हे बाईंनीच शिकवलेलं, ते मात्र विसरायचे.

घरच्या गाडीत नवरा चालवायला बसला तरी वहिनींचा उजवा पाय स्वस्थ बसत नसे. सिग्नल दिसला की दाब, कुत्रं दिसलं की दाब. त्यांच्या बाजूच्या रबरी मॅटला भोक पडायचं.

“अगं, तिकडे ब्रेक नाहीये,” नवरा म्हणायचा. “मॅटवाल्याने मला विचारलं, साहेब, वहिनी गाडीत काय भांडी घासतात का?”

“तुम्ही पुढे बघा,” वहिनी म्हणायच्या.

अशा या बाईला सायकलवर बसवलं ते नणंदेने. नणंद दाताच्या दवाखान्यात मदतनीस. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून बघून तिला कंटाळा यायचा, म्हणून रविवारी ती डोंगर बघायला जायची, जाड टायरची माउंटन बाइक घेऊन. वहिनींचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने आपली जुनी सायकल आणून दारात उभी केली. “बस. पडलीस तर मी आहे. दात पडले तर मी आहेच.”

वहिनी बसल्या. पहिल्या रविवारी रडकुंडीला आल्या, दुसऱ्या रविवारी आल्या नाहीत, तिसऱ्या रविवारी झाडीतून एका उतारावर सायकल सोडली आणि खाली पोचल्यावर खदखदून हसत सुटल्या. नणंद घाबरली, डोक्याला लागलं की काय! लागलं काहीच नव्हतं. उतरताना वहिनींच्या एवढंच लक्षात आलं होतं, की आपल्या शेजारी कोणी बसलेलं नाही. शेजारी सीटच नाही. गाडी आपली, ब्रेक आपला, खड्डा आपला. असं सुख त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच मिळालं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं नाही. समजूतदार माणूस.

नणंदेमुळे त्या अख्ख्या सायकल क्लबच्या वहिनी झाल्या. पासष्टीचे गृहस्थसुद्धा “वहिनी, पाणी आहे का?” म्हणत. वर्षं गेली. वहिनी खडकावरून, मुळ्यांवरून नणंदेच्या मागोमाग बिनधास्त उतरू लागल्या.

आणि मग विमा कंपनीचं पत्र आलं. यापुढे लोकांना डोंगरात घेऊन जायचं तर नेणाऱ्याकडे लीडरचं सर्टिफिकेट पाहिजे. तोवर क्लबमध्ये लीडर वगैरे काही भानगड नव्हती. नणंद पुढे जायची, बाकीचे तिच्या मागे. आता सर्टिफिकेट, आणि तीही दोन प्रकारची. एक वाटेचं. म्हणजे झाडीतल्या रुळलेल्या वाटा, बेताचे उतार, जिथे काही झालं तर जीप पोचते, आणि बरोबर येणारे बहुतेक नवखे. दुसरं डोंगराचं. म्हणजे वरची धार, सुटे दगड, जीप विसरा, आणि बरोबर येणारे तयारीचे लोक. दोन्हींचं शिक्षण वेगळं, परीक्षा वेगळी. शनिवार-रविवार खपवायचे म्हणजे स्कूलची शनिवारची गर्दी बुडवायची. त्यामुळे एकच निवडायचं, आणि निवडलं की काही वर्षं तेच.

गंमत अशी, की वहिनींनी कोणतं घ्यावं हे वहिनी सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलं.

“वाटेचं!” नणंद म्हणाली. “त्यात विचार कसला? नवख्यांना तुझ्यासारखं कोण सांभाळणार? डोंगराचं मी घेते. माझ्यात कुठला संयम?”

“मलाही तेच वाटतं,” नवरा म्हणाला. “आयुष्यभर तेच तर केलंस.”

“आयुष्यभर तेच केलं म्हणून!” वहिनींनी चहाचा कप असा ठेवला की बशी वाजली. “संयम, संयम! गोंदवा एकदा माझ्या कपाळावर. रोज सकाळी सातपासून मी लोकांचा क्लच ऐकते. रविवारीही तेच ऐकू?”

वहिनी चिडतात हे या दोघांना माहीत होतं, बाकीच्या गावाला माहीत नव्हतं.

वहिनींना डोंगराचंच हवं होतं. अगदी मनापासून, लहान मुलासारखं हवं होतं. वरच्या धारेवर वाट जेमतेम सायकलभर. तिथे लीडर पुढे जातो, कुठून जायचं ते आपल्या चाकाने दाखवतो, आणि मागचे त्याच चाकोरीत येतात. आजवर वहिनी लोकांच्या शेजारी बसून लोकांचा रस्ता बघत आल्या होत्या. आता एकदा तरी त्यांना पुढे जायचं होतं. मागे कोण काय दाबतंय ते बघायचं नव्हतं.

कोर्सआधी प्रत्येकाने परीक्षकाबरोबर एक दिवस काढायचा अशी पद्धत होती. तो दिवसभर बघणार, संध्याकाळी सल्ला देणार, निवड ज्याची त्याची. परीक्षक मोजकं बोलणारा माणूस. एका पायात निळा मोजा, एका पायात काळा. कोणाच्या तरी ते लक्षात आलं आणि त्याला सांगितलं, तर “हो,” म्हणाला.

सकाळी दगडी उताराची पाळी. वहिनी पुढे, मागे नणंद आणि क्लबमधले दोन तयारीचे गडी. वहिनींनी वरून उतार नीट पाहून घेतला, दोन शब्दांत सांगितलं आणि सोडली सायकल. मागे वळून पाहिलं नाही. चौघंही खाली आले ते पायऱ्या उतरल्यासारखे. नणंदेने वहिनींच्या पाठीत थाप मारली. परीक्षक “हं” म्हणाला. इतरांना त्याने तेवढंही म्हटलं नव्हतं, त्यामुळे वहिनींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुपारी नवख्यांची पाळी. आणि नवख्यांत कोण? तर औषधवाला! हा बाईंचा जुना विद्यार्थी. गाडी शिकायला याने इतके दिवस लावले होते की मधे स्कूलची गाडी बदलली. आताशा स्वतःच्याच दुकानातल्या गोळ्या स्वतःच घ्यायची वेळ आली, म्हणून सायकलवर आला होता. बाई दिसल्या तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

“बाई तुम्ही आहात होय! मग काय काळजी नाही.”

उतार अगदी साधा. ओढ्याकडे जाणारी मातीची वाट आणि मधे एक आडवी मुळी. त्याच्यावर नजर राहावी म्हणून वहिनी त्याच्या मागे निघाल्या, अगदी जवळून, हळूहळू. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. मग औषधवाल्याची सायकल थोडी पळायला लागली. त्याने ब्रेक धरायचा तर सगळ्या बोटांनी हँडलचा दांडाच घट्ट धरला. वहिनींनी ते पाहिलं. मुळी पाहिली. आणि त्यांच्या उजव्या पायाने जे हजारो वेळा केलं होतं, तेच केलं. धाडकन खाली दाबला.

सायकलवर पाय दाबला की काय होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. वहिनींची सायकल उसळून पुढे गेली, त्याच्या मागच्या चाकावर आदळली, आणि दोघंही वाट सोडून झुडपात.

काटे होते, पण दगड नव्हते. औषधवाल्याचं कोपर सोललं. तो झुडपात उताणा पडल्या पडल्या, हेल्मेट कपाळावर आलेलं, अगदी कळवळून म्हणाला, “बाई, ब्रेक दाबला का नाहीत हो?”

वरून सगळे हसले. नणंद तर सायकल आडवी टाकून हसली. औषधवाल्यालाही आपण काय बोललो ते कळलं आणि तोही हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी दाबला होता.

संध्याकाळी परीक्षक आपल्या गाडीच्या मागच्या दारात बसून एकेकाला बोलावत होता. नणंदेला म्हणाला, “दोन्हींपैकी काहीही घ्या.” मग वहिनी गेल्या. बोलणी खायच्या तयारीनेच गेल्या होत्या.

“डोंगराचं घ्या,” तो म्हणाला.

वहिनींना आधी खरंच वाटेना. “आजच्या प्रकारानंतरही?”

“सकाळी चांगलं नेलंत. चाकाची रेषा स्वच्छ होती.” त्याने हातातलं सायकल पुसायचं फडकं उलटं केलं. “आणि तिथे तुमच्यापुढे नवखा माणूस नसेल.”

त्याने ते कुजकेपणाने म्हटलं नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं. पण वहिनींच्या कानशिलात कोणीतरी सणसणीत द्यावी तसं झालं. हवं होतं ते पदरात पडलं होतं, आणि ते हातात धरवत नव्हतं.

घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. नवरा खूश झाला. “तुला हवं तेच मिळालं की! मग तोंड का असं?”

“तुम्हाला कळत नाहीये,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “सगळं गाव म्हणतं, बाई कधी ओरडत नाहीत, बाई कधी घाबरत नाहीत. का घाबरेन? पायाखाली ब्रेक होता! तो काढून घेतला, तर पहिल्याच माणसाला मी झुडपात घातला. माझा संयम वगैरे काही नाही हो. एक पेडल आहे, सासऱ्यांनी बसवून घेतलेलं.”

नवऱ्याने घास हातातच ठेवला. “अगं, पण कधी दाबायचा हे तर तुलाच कळत होतं ना?”

बरं बोलला. पण वहिनींना त्या क्षणी बरं बोललेलं नको होतं. त्यांना लाज वाटत होती. पडल्याची नव्हे. इतकी वर्षं लोकांकडून एक कौतुक घेत आलो, आणि ते आपलं आहे की गाडीचं आहे हे आपण कधी बघितलंच नाही, याची.

आठवडाभर त्या धुमसत राहिल्या. गाडीत मात्र पाय ब्रेकवरच ठेवला. शिकणाऱ्यांच्या जिवावर प्रयोग करण्याइतक्या त्या वेड्या नव्हत्या. पण आता तो पाय त्यांना दिसायला लागला. एका मुलीने चौकात छान गाडी थांबवली आणि वहिनींच्या लक्षात आलं, की तिच्याबरोबरीने आपणही दाबलं होतं. मग थांबवली कोणी? मुलगी खुशीत होती. वहिनी “छान” म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना खोटा वाटला.

शुक्रवारी त्यांनी परीक्षकाला फोन केला.

“वाटेचं लिहा.”

“तिथे नवखे असतात,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“म्हणून तर मी डोंगराचं म्हणालो.”

“म्हणूनच मी वाटेचं म्हणतेय,” वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला, न जाणो मन बदललं तर!

नणंदेला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. “आम्ही वाटेचं म्हणत होतो तेव्हा आमच्यावर खेकसलीस. तो डोंगराचं म्हणाला तर आता वाटेचं? तुझं डोकं आहे की वाऱ्यावरची वरात?”

“तुम्ही म्हणत होतात तेव्हा मला येतं म्हणून म्हणत होतात,” वहिनी म्हणाल्या. “येत नाही हे आता कळलं.”

मग घरच्या गाडीतला तमाशा सुरू झाला. नवरा चालवायला बसला की वहिनी शेजारच्या सीटवर चपला काढून चक्क मांडी घालून बसायच्या. पायाला दाबायला जमीनच ठेवायची नाही, असा तो उपाय. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक टकमक बघायचे. पहिल्या दिवशी बससमोर नवऱ्याने जरा उशिरा ब्रेक लावला, तर वहिनींनी स्वतःच्याच पोटरीत टाच मारून घेतली. काळंनिळं झालं.

“दोन्ही पाय बांधून ठेवू का?” नवऱ्याने विचारलं.

“तुम्ही वेळेवर ब्रेक लावा.”

कोर्सवर दुसरीच पंचाईत. परीक्षकाची शिकवण अशी, की अवघड उतारावर नवख्याच्या मागे राहायचंच नाही. आधी आपण उतरायचं. जिथे तो पडू शकतो, नेमकं तिथे सायकल ठेवून उभं राहायचं. मग त्याला येऊ द्यायचं.

“आणि तो येताना?” वहिनींनी विचारलं.

“बघायचं.”

“नुसतं?”

“सांगायचं ते वर सांगून झालेलं असतं.”

वहिनींना ते महाभयंकर वाटलं. माणूस चुकतोय, आपल्याला दिसतंय, आणि हातपाय बांधल्यासारखं उभं राहायचं! पहिल्या पहिल्यांदा त्या ओरडायच्या. कधी आवाज न चढवणाऱ्या बाई खालून “ब्रेक! ब्रेक!” असं ठणाणा करायच्या, आणि बिचारा नवखा दचकून पुढचाच ब्रेक आवळून कोलमडायचा. एका शनिवारी दोघांना असं पाडल्यावर परीक्षकाने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. वहिनींनी कानाला खडा लावला. त्यानंतर त्या जीभ दातांखाली धरून उभ्या राहायला शिकल्या. संध्याकाळी घरी आल्यावर जबडा दुखायचा. नणंद म्हणायची, दवाखान्यात ये, तपासून देते.

परीक्षेला आपले नवखे आपणच आणायचे होते. वहिनी कोणाला विचारावं याच्या विचारात होत्या, तर औषधवाला आपणहून हजर. कोपरावर डाग राहिला होता तो दाखवून म्हणाला, “मी येतो. मला आता सवय आहे.”

आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. माती ओली, मुळी चकाकत होती. तोच उतार. वर वहिनींनी तिघा नवख्यांना गोळा केलं, सायकली आडव्या ठेवायला लावल्या आणि आधी चालत उतार दाखवून आणला. कुठे मागे सरकायचं, कुठे बघायचं, मुळीकडे बघायचं नाही, पलीकडच्या झाडाकडे बघायचं. परीक्षक बाजूला हाताची घडी घालून उभा. आज दोन्ही मोजे काळे होते, म्हणजे दिवस महत्त्वाचा असावा.

“बाई, तुम्ही कुठे असणार?” औषधवाल्याने विचारलं.

“मुळीपाशी. खाली.”

“मागे नाही?”

“मागे नाही.”

त्याने हँडलकडे बघितलं, डावीकडचा ब्रेक बोटाने चाचपला, मग उजवीकडचा. “हे दोन्ही...”

“दोन्ही तुमचेच,” वहिनी म्हणाल्या. “माझ्याकडे एकही नाही.”

हे त्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणा शिकणाऱ्याला म्हणत होत्या.

त्या उतरल्या, सायकल झाडाला टेकवली, मुळीच्या एक हात खाली बाजूला उभ्या राहिल्या आणि हात वर केला. औषधवाला निघाला. पहिलं वळण नीट आलं. मग सायकल पळायला लागली, तशीच, त्याच जागी. वहिनींना त्याची बोटं दिसत होती, सगळी दांड्यावर. अजून दांड्यावरच. ओरडावं असं त्यांच्या इतकं मनात आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुळी दोन चाकांच्या अंतरावर आली. त्यांनी तोंड उघडलं नाही. आणि मग दोन बोटं सुटली, ब्रेकवर आली, हलकेच. सायकल मंदावली, मुळीवर अडखळली, डुलली, आणि पलीकडे गेली.

ओढ्याच्या अलीकडे तो थांबला. एक पाय टेकला. मागे वळून त्याने वहिनींकडे पाहिलं आणि अगदी खरोखरीचा प्रश्न असल्यासारखं विचारलं, “बाई, दाबला होता का?”

“नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हीच.”

तो नुसता स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

परीक्षक वरून चालत आला होता. तो वहिनींच्या पायांकडे बघत होता. वहिनींनी खाली पाहिलं. डावा बूट मातीवर होता. उजवा चवड्यापासून मातीत रुतला होता, टोक दिसेनासं झालेलं, आणि अजून दाबलेलाच होता.

वहिनींचा चेहरा पडला. “हे काही जात नाही,” त्या म्हणाल्या.

“कशाला जायला पाहिजे?” परीक्षक म्हणाला. “दाबा की. फक्त जमिनीवर.”

वहिनींनी बूट उपसून काढला. तिथे चांगला खोलगट खड्डा राहिला होता, गाडीतल्या मॅटला पडतो तसा. त्यांनी तो टाचेने बुजवला, जागेवर पुन्हा उभ्या राहिल्या आणि हात वर केला.

“या,” त्या वर बघून म्हणाल्या. “पुढचे कोण?”